घड्याळ नंतर, रक्ताची तपासणी आधी

पोलिस भरती, वनरक्षक भरती, सैन्याची भरती. आपल्या वस्तीत ज्या घरी बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरी यांपैकी एखाद्या भरतीचा विषय असतोच. गोंदिया शहर असो की तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव, पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे-पोरी दिसतात. त्यांच्या धावण्यावर घराची आशा असते.

अलीकडे या मुलांच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसू लागले आहे. दीड-दोन हजारांचे हे घड्याळ किती पावले झाली, नाडी किती, ऑक्सिजन किती, झोप किती, सगळे सांगते म्हणे. सोबत जिमवाले आणि खासगी लॅबवाले रक्ताच्या तपासण्यांचे पॅकेज सांगतात. चाळीस-पन्नास तपासण्या आणि काही हजारांचे बिल. मोठे खेळाडू हेच करतात, असे मुलांना सांगितले जाते. मग आईने तेंदूपत्ता तोडून किंवा रोवणीला जाऊन आणलेला पैसा त्यात जातो.

घड्याळाला माझा विरोध नाही. विज्ञानाची साधने आपल्या पोरांच्या हाती यायलाच पाहिजेत. पण क्रम चुकतो आहे, आणि तो आपल्या समाजाला महाग पडू शकतो. धावणाऱ्या मुलामुलीसाठी रक्ताच्या दोनच तपासण्या सगळ्यात आधी हव्यात: हिमोग्लोबिन आणि सिकलसेल. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट होतात. या दोन गोष्टी माहीत नसताना मनगटावर दहा हजारांचे घड्याळ बांधले, तरी धावणारा अंधारातच धावतो.

घड्याळ काय मोजते आणि काय मोजत नाही

घड्याळ उलटे करून पाहा. मागे हिरवा प्रकाश लुकलुकतो. तो कातडीत शिरतो, खालच्या रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कमी-जास्त परत येतो आणि त्यावरून घड्याळ नाडीचा अंदाज बांधते. बसलेल्या माणसाची नाडी ते बऱ्यापैकी बरोबर सांगते. जोरात धावताना हात हलतो, पट्टा सैल असतो, घाम येतो, मग आकडा चुकतो.

ऑक्सिजनच्या आकड्याचा गोंधळ याहून मोठा आहे. ‘सिस्टर, माझा ऑक्सिजन ९८ आहे, म्हणजे रक्त चांगलं आहे ना?’ असे मुले मला विचारतात. त्यांना मी बंडीचे उदाहरण देते. शेतातून धानाची पोती घरी आणायची आहेत. हिमोग्लोबिन म्हणजे बंड्या आणि ऑक्सिजन म्हणजे पोती. घड्याळ फक्त एवढेच सांगते की बंड्या भरलेल्या आहेत की रिकाम्या. बंड्या किती आहेत, हे ते सांगत नाही. एखाद्याकडे पंधरा बंड्या आहेत आणि एखाद्याकडे आठच, पण दोघांच्याही काठोकाठ भरलेल्या असतील तर घड्याळ दोघांनाही ९८ दाखवील. घरी पोहोचणारे धान मात्र जवळजवळ अर्धेच असेल. म्हणूनच हिमोग्लोबिन ८ असलेल्या मुलीच्या घड्याळातही ९८ दिसू शकते.

बंड्या कमी असल्या की जास्त फेऱ्या माराव्या लागतात, म्हणजे हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. घड्याळात नाडी वाढलेली दिसते. मुलाला वाटते की आपला स्टॅमिना कमी आहे आणि तो आणखी जोर लावतो. म्हणजे घड्याळाने खूण बरोबर दाखवली, पण अर्थ उलटा लावला गेला.

आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या कातडीच्या लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रकाशावर चालणारी ही यंत्रे गडद कातडीवर जास्त चुकू शकतात. २०२० साली अमेरिकेत दवाखान्यातल्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा अभ्यास झाला. यंत्र आकडा ठीक दाखवते पण रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी आहे, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळले. दवाखान्यातल्या यंत्राची ही गत, तर बाजारातल्या स्वस्त घड्याळावर किती भरवसा ठेवायचा?

काही घड्याळे साखरही दाखवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की, सुई न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर त्याने असल्या घड्याळावर विसंबून गोळीचे प्रमाण कधीच बदलू नये.

पहिली तपासणी: हिमोग्लोबिन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. म्हणजे भरतीच्या तयारीला लागलेल्या दहा मुली उभ्या केल्या, तर त्यांतल्या पाच जणींच्या बंड्या कमी असण्याची शक्यता आहे.

पोलिस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. सगळी मिळून ५० गुणांची शारीरिक चाचणी. तिथे एकेका सेकंदाने गुण जातात. मुलीचे हिमोग्लोबिन ९ असेल तर तिने कितीही सराव केला, कोणतेही घड्याळ बांधले, तरी स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळणार नाही. त्या मुलीची वेळ सुधारण्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तिचा रक्तक्षय भरून काढणे.

बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि पुरुषाचे १३ च्या वर असावे. त्याखाली असेल तर कारण शोधावे लागते. मासिक पाळीत जास्त रक्त जाते का? पोटात जंत आहेत का? जेवणात लोह कमी आहे का? की सिकलसेल आहे? कारण न शोधता मेडिकलमधून टॉनिकची बाटली आणू नये. सिकलसेल असलेल्या माणसाला तर डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या देऊच नयेत, कारण त्याचा रक्तक्षय वेगळ्या कारणाने असतो आणि शरीरात लोह साठून अपाय होऊ शकतो.

जेवणात हिरव्या भाज्या, शेवगा, चणे, तीळ, मासळी, अंडी, जमेल तेव्हा मटण किंवा कलेजी ठेवावी. जेवणावर लिंबू पिळावे, आवळा खावा. जेवणाबरोबर आणि गोळीबरोबर चहा घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. घरात मुलाच्या ताटात अंडे आणि मुलीच्या ताटात नुसता भात-वरण असा भेद असेल, तर तो आजच मोडावा. मैदानावर दोघांनाही धावायचे आहे.

दुसरी तपासणी: सिकलसेल

विदर्भात सिकलसेल आहे हे वैद्यकीय जगाला नवीन नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला होता. गोंडांसारख्या आदिवासी समाजांत, पूर्वाश्रमीच्या महार समाजात म्हणजे आपल्यात, आणि विदर्भातल्या आणखीही काही समाजांत हा दोष आढळतो.

हा कुणाच्या पापाचा भोग नाही आणि कुणाच्या जातीचा डागही नाही. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा दोष टिकला. वाहक माणसाला मलेरियाचा जीवघेणा झटका कमी बसतो, म्हणून वाहक जगले आणि त्यांची मुलेबाळे वाढली. आफ्रिकेत हेच झाले आणि विदर्भातही हेच झाले. आपल्या पूर्वजांनी रानातापाशी जी झुंज दिली, तिची ही खूण आहे.

सिकलसेलचे दोन प्रकार नीट समजून घ्यावेत, कारण सगळा घोळ इथेच होतो.

आई-बाप दोघांकडून दोष आला तर मूल ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त. त्याला रक्तक्षय असतो, हातपाय दुखतात, कावीळ दिसते, अधूनमधून दवाखान्यात भरती व्हावे लागते. त्याला नियमित उपचार हवेत. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्याने भरतीची धाव धावू नये. अशा मुलाला नालायक म्हणू नका, त्याला अभ्यासाच्या वाटेने पुढे न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या.

एकाकडूनच दोष आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, बाजारहाट करतो, खेळतो, आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्याला औषधाची गरज नसते. पण एका प्रसंगी त्याला जपावे लागते. कडक ऊन, अंगात पाणी कमी, सराव अपुरा आणि तशातच जिवाच्या आकांताने धावणे, हे सगळे एकत्र आले की जपावे लागते. अशा वेळी स्नायूंत ऑक्सिजन फार कमी होतो, वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू लागतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि स्नायू मरू लागतात. मेलेल्या स्नायूंतला मळ मूत्रपिंडात जाऊन अडकतो. हे क्वचितच होते. पण झाले तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

भरतीच्या दिवशीचे चित्र याच्याशी ताडून पाहा. रात्री पोरगा एसटी स्टँडवर झोपलेला, सकाळी पोट हलके राहावे म्हणून पाणीही न पिलेला, रांगेत तीन तास उन्हात उभा, आणि मग ‘आज नाही तर कधीच नाही’ म्हणून सुटलेला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि ती भरती काही दिवस थांबवावी लागली. ते सिकलसेलने गेले असे मी म्हणत नाही. ऊन, पाणी आणि घाई यांकडे दुर्लक्ष झाले की तरणीताठी माणसे मैदानात मरतात, एवढे त्यातून दिसते. वाहकाला हा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त.

अमेरिकेने काय केले

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्येही सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. १९७७ ते १९८१ या काळातल्या सैन्यातल्या सुमारे वीस लाख नव्या जवानांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणात कारण न कळता अचानक मरण येण्याचा धोका कृष्णवर्णीय वाहकांत इतर कृष्णवर्णीय जवानांच्या सुमारे २८ पट होता.

पुढे २००६ मध्ये टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावानंतर कोसळला आणि वारला. तो वाहक होता. त्याच्या घरच्यांनी न्यायालयात लढा दिला. त्यातून २०१० पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी सिकलसेलची तपासणी नियमात आली. ही तपासणी खेळाडूला बाहेर काढण्यासाठी नाही. तो कोणत्या पद्धतीने सराव करील, हे ठरवण्यासाठी आहे.

आता पुढचा अभ्यास पाहा. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. या वेळी वाहकांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा वाढलेला आढळला नाही. मधल्या काळात सैन्याने सगळ्याच जवानांसाठी पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम कडक केले होते, आणि फरक त्यामुळे पडला असावा असे अभ्यासकांचे मत आहे. श्रमाने स्नायू मरण्याचा धोका मात्र वाहकांत ५४ टक्क्यांनी जास्त होता. त्याच पाहणीत तंबाखू घेणाऱ्या सैनिकांतही हा धोका तेवढाच जास्त आढळला.

खर्रा खाऊन मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक पोराने हे वाक्य पुन्हा वाचावे. सिकलसेल आई-बापाकडून आला, त्याला इलाज नाही. खर्रा आपण स्वतः घोटतो.

या दोन अभ्यासांचा अर्थ मला असा दिसतो: वाहकाला मैदानावरून हाकलण्याची गरज नाही. मैदान सुधारण्याची गरज आहे.

लपवल्याने कुणाचे भले?

तपासणी फुकट आहे, तरी आपली माणसे टाळतात. त्यामागे दोन भीती आहेत. पहिली लग्नाची. पोरगी वाहक निघाली तर सोयरीक मोडेल, म्हणून आई-बाप कार्ड पेटीत दडवून ठेवतात. दुसरी नोकरीची. भरतीत कळले तर बाद करतील, म्हणून पोरगा तपासणीच करत नाही.

लग्नाचे गणित सरळ आहे. वाहकाने वाहक नसलेल्या जोडीदाराशी लग्न केले, तर एकही मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा ग्रस्त मूल होण्याची शक्यता असते. म्हणजे लग्न मोडायचे कारण नाही, दोघांचे कार्ड जुळवून पाहायचे आहे. पत्रिका तर आपण कधीच सोडली. तिच्या जागी हे कार्ड ठेवायला लाज कशाची?

नोकरीच्या भीतीचे उत्तर समाजाने मिळून द्यायचे आहे. तपासणीचा उपयोग माणसाला वगळण्यासाठी होऊ लागला, तर लोक तपासणीपासून पळतील आणि धोका दडून राहील. म्हणून रक्ताचा अहवाल ही ज्याची त्याची खासगी बाब राहिली पाहिजे. अकादमीच्या भिंतीवर मुलांच्या नावापुढे एएस-एसएस लिहिलेले मला चालणार नाही. पण ज्याच्या हाताखाली मूल सराव करते त्या प्रशिक्षकाला मुलाने स्वतःच्या विश्वासाने सांगावे, आणि प्रशिक्षकानेही ते चारचौघांत न उगाळता पाळावे.

नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलचा प्रश्न लोकांपुढे आणि सरकारपुढे मांडण्यात आयुष्य घातले. २०१८ साली त्यांच्या कामाला पद्मश्री जाहीर झाली. लपवण्याच्या काळात ते उघडपणे बोलले. आता तरी आपण कुजबुजणे थांबवावे.

मैदानावर पाळायचे नियम

हे नियम वाहकांसाठीच नाहीत, धावणाऱ्या प्रत्येकासाठी आहेत. सगळ्यांनी पाळले की कोण वाहक हे विचारायचीही वेळ येत नाही.

सराव हळूहळू वाढवा. भरतीची जाहिरात आली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण १६०० मीटर जीव तोडून धावलो, असे करू नका. पहिले काही आठवडे बोलता येईल अशा वेगाने धावा. दोन जोरदार फेऱ्यांच्या मध्ये श्वास खाली बसेपर्यंत थांबा.

पाणी आधी प्या, मध्ये प्या, नंतर प्या. एप्रिल ते जून, विशेषतः नवतपात, ऊन चढण्याआधी सराव संपवा. ताप, हगवण, उलटी असेल किंवा रात्रभर जागरण झाले असेल, तर त्या दिवशी जोराने धावू नका. धावण्याआधी एनर्जी ड्रिंक, ताकदीची पावडर आणि ओळखीच्याने आणून दिलेले इंजेक्शन, हे तिन्ही बंद. इंजेक्शनने धाव वाढेल न वाढेल, जीव आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतात.

धोक्याच्या खुणा घरच्यांनीही पाठ कराव्यात. धावायला सुरुवात केल्यावर थोड्याच वेळात पाय, मांड्या किंवा कंबर एकदम दुखू लागणे, पायातला जोर जाणे, धाप न थांबणे. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू हाताला मऊ लागतो, पण पाय उचलत नाहीत आणि माणूस खाली बसतो. अशा वेळी ‘नाटक करू नको, ऊठ’ म्हणून त्याला पुन्हा धावायला लावणे सगळ्यात घातक. त्याला सावलीत निजवा, अंग थंड करा, शुद्धीत असेल तर पाणी द्या, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा, ‘हा सिकलसेल वाहक आहे, धावताना पडला.’ त्या एका वाक्याने डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो. धावल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर दुखणे थांबले असले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एका वहीचे घड्याळ

घड्याळ घ्यायला पैसे नसतील, तर मुलांनी मन खट्टू करू नये. शंभर पानी वही घ्या आणि रोज पाच गोष्टी लिहा.

एक, सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी. दोन, किती तास झोप झाली. तीन, सकाळच्या लघवीचा रंग, पिवळाधमक की पाण्यासारखा. चार, आज किती धावलो आणि किती वेळात. पाच, धावताना कसे वाटले: सोपे, मध्यम की जड. मुलींनी पाळीची तारीखही लिहावी.

दोन आठवड्यांत आपली रोजची नाडी कळते. एखाद्या सकाळी ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल, तर शरीर थकले आहे किंवा आजार येतो आहे. त्या दिवशी हलके धावा. लघवी गडद असेल तर पाणी कमी पडते आहे. महागडी घड्याळे यापेक्षा फार वेगळे काही सांगत नाहीत. ज्याच्याकडे घड्याळ आहे, त्याने ते वापरावे, पण धावतानाच्या आकड्यापेक्षा सकाळच्या नाडीवर जास्त विश्वास ठेवावा.

पॅकेजचेही तसेच. जोराच्या सरावानंतर लगेच रक्त दिले, तर स्नायूंची तपासणी वाढलेली येते आणि घरचे उगाच घाबरतात. हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी आणि आयुष्यात एकदा सिकलसेल. बाकीच्या तपासण्या डॉक्टरांनी कारण सांगितले तरच.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. पुढे त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. त्या पातळीवर सेकंदाच्या भागासाठी रक्ताच्या थेंबाथेंबाचा हिशेब करण्यात अर्थ आहे. आपल्या पोरांची गरज त्याआधीची आहे. पोटभर जेवण, पुरेसे रक्त आणि स्वतःच्या शरीराची खरी माहिती.

आता काय करायचे

तपासणीसाठी आशाताईंना विचारा किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बोटातला थेंब औषधाच्या पाण्यात टाकतात. पाणी गढूळ झाले तर सिकलसेलचा दोष आहे, एवढे कळते. वाहक की ग्रस्त, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी होते. ती झाल्याशिवाय आणि हातात कार्ड मिळाल्याशिवाय परत फिरू नका. पुष्कळ माणसे पहिल्या तपासणीवरच थांबतात आणि अर्धवट माहिती घेऊन वर्षानुवर्षे फिरतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. आदिवासी बांधवांना ती मिळालीच पाहिजे. पण सिकलसेल तालुक्याची यादी पाहून येत नाही. गोंदिया शहरातल्या, तिरोड्यातल्या, गोरेगावातल्या आपल्या वस्त्यांनाही ही तपासणी दारात मिळावी, ही मागणी आपण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी केली पाहिजे. विहार समितीने एक रविवार ठरवावा, विहाराची जागा द्यावी, आरोग्य केंद्राला पत्र द्यावे. वस्तीतल्या १५ ते ३० वयाच्या प्रत्येकाचा पॅटर्न त्या दिवशी तपासला जावा. महिला मंडळाने मुलींना घेऊन यावे.

दुसरी मागणी भरती घेणाऱ्यांकडे. धावण्याची चाचणी सकाळी लवकर घ्या. रांगेत सावली आणि पिण्याचे पाणी द्या. मैदानावर ऑक्सिजनसह रुग्णवाहिका उभी ठेवा. कारंज्याच्या पोलिस मुख्यालयाच्या मैदानात उतरणारे पोर कुणाचेही असो, ते जिवंत घरी आले पाहिजे.

तिसरी मागणी आपल्या स्वतःकडे. पुढच्या पगाराला मुलाला घड्याळ घ्यायचे ठरवले असेल, तर खुशाल घ्या. पण त्याआधीच्या सोमवारी त्याला आणि त्याच्या बहिणीला, दोघांनाही, आरोग्य केंद्रात घेऊन जा. हिमोग्लोबिनचा आकडा आणि सिकलसेलचा पॅटर्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुसऱ्या पानापासून धावायला सुरुवात करू द्या.

जयभीम.